मिश्री पाटीवर नव्हती

आमच्या कॉलेजात तंबाखूबंदी आली ती एका मरणामुळे. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुट्टीत तोंडाच्या कॅन्सरने गेले. प्राचार्यांचे ते जवळचे स्नेही. शेवटी शेवटी प्राचार्य रोज दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसत, असं आमच्या कानावर आलं होतं. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा प्राचार्यांचा चेहरा ओढलेला होता. पहिल्याच सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून या आवारात विडी, सिगारेट, तंबाखू आणि तपकीर बंद. विद्यार्थ्यांना बंद, प्राध्यापकांना बंद, शिपायांना बंद. मलाही बंद." एवढंच बोलून ते खाली बसले. ते स्वतः सिगारेट ओढत हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. म्हणून 'मलाही' या शब्दाला सगळ्यांच्या माना वर झाल्या.

दोन-चार दिवसांत फाटकाशी पाटी लागली. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ती चारही नावं. आतली पानटपरी उचलून रस्त्यापलीकडे गेली. मुलं दोन तासांच्या मधे रस्ता ओलांडून जायला लागली आणि काही दिवसांनी त्यांच्या मागोमाग प्राध्यापकही. अर्थशास्त्राचे वयस्कर सर तपकिरीची डबी खिशातच ठेवून वर्गात येत आणि शिकवता शिकवता हात खिशाकडे नेऊन परत काढत. आम्ही मुली मागच्या बाकांवर बसून हे बघायचो. बंदी होती ती पुरुषांना. आमचा तिच्याशी संबंध आहे असं आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही.

आणि आम्ही तर रोज सकाळी मिश्री लावत होतो.

शहरातल्या वाचकांना कदाचित सांगावं लागेल. मिश्री म्हणजेच मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, आणि ती पूड बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासायची. मी नेवासे तालुक्यातल्या घोडेगावजवळच्या एका वस्तीवरची. आमच्याकडे बाई सकाळी उठली की आधी मिश्री, मग चहा. मला दुसरी-तिसरीत असताना दाढ दुखायला लागली तेव्हा आईनेच पहिल्यांदा चिमूटभर पूड माझ्या हिरडीवर चोळली. मला गरगरलं, ओकारी झाली, पण ठणका थांबला. पुढे ती सवय झाली. तिला तंबाखू असं कुणी म्हणतच नव्हतं. दात घासणं म्हणायचे.

मी तेव्हा एस.वाय.ला होते. नगरला कॉलेजच्या आवारातच, मागच्या बाजूला एक जुना बंगला होता. तेच मुलींचं वसतिगृह. आम्ही जेमतेम पंधरा-वीस मुली असू, बहुतेक खेड्यांतून आलेल्या. एकमेकींना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. मी घोडेगाववाली. माझ्या खोलीतली श्रीगोंदेवाली. तिचे आईवडील दुसऱ्यांच्या उसात मजुरी करत. त्यांच्या घरातली कॉलेजात आलेली ती पहिली. काळीसावळी, उंच, आवाज खणखणीत. वर्गात ती पुस्तकी बोलायची आणि खोलीत आली की गावचं. "म्या इतं आले ती काय परत ऊस खुरपायला जायासाठी न्हाई," असं ती म्हणायची, आणि तिचा अभ्यास बघून ते पटायचं.

वसतिगृहाच्या रेक्टर बाई आम्हाला इतिहास शिकवत. राहुरीच्या बाजूच्या एका खेड्यातल्या, लहानपणीच विधवा झालेल्या. भावाने शिकवलं होतं. चाळिशी ओलांडलेली, बारीक काठाचं पांढरं लुगडं, केसांचा घट्ट अंबाडा. फार रागवत नसत, पण त्यांच्या नजरेला आम्ही घाबरायचो. सकाळी प्रार्थनेची घंटा होईपर्यंत त्यांच्या खोलीचं दार बंद असे.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. बहात्तरचा तो दुष्काळ. ऑगस्टमध्येच आमच्या मेसमध्ये लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी सुरू झाल्या. त्या घशाखाली उतरत नसत. नंतर त्याही मोजून मिळायला लागल्या. भूक लागायची आणि ती लागली असं एकमेकींना सांगायची लाज वाटायची. मिश्री लावली की ती मरायची. आधी आम्ही सकाळीच लावायचो, आता दुपारी आणि दिवेलागणीलाही लावायला लागलो. न्हाणीघराच्या भिंतीवर तपकिरी थुंकीचे ओघळ दिसायला लागले. श्रीगोंदेवालीचं प्रमाण सगळ्यांत जास्त. घरून तिला काही येत नव्हतं. तिच्या आईवडलांना उसातलं काम उरलं नव्हतं आणि ते दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत होते.

एका रविवारी तिची मिश्री संपली. स्वयंपाकीण मावशी बाजारात गेल्या होत्या. श्रीगोंदेवालीने मेसच्या चुलीवर तवा टाकला आणि तंबाखू भाजायला घेतली. भाजताना त्या धुराचा ठसका कसा लागतो हे ज्याने अनुभवलंय त्यालाच माहीत. खिडकीतून तो धूर बाहेर पडला आणि नेमके प्राचार्य तेव्हा आवारातल्या कोरड्या विहिरीकडे निघाले होते. ते धुराच्या वासावर आले. मुलींच्या वसतिगृहाच्या पायरीशी थांबले, आत पाऊल टाकलं नाही. बाहेरूनच त्यांनी बाईंना हाक मारली.

आम्ही दाराआड उभ्या राहून ऐकत होतो.

"बाई, हा तंबाखूचा धूर तुमच्या स्वयंपाकघरातून येतोय."

"हो सर."

"कोण ओढतंय?"

"ओढत नाही कुणी. मिश्री भाजतेय एक मुलगी."

 प्राचार्य चांगल्या घरातले, पुण्यात वाढलेले. त्यांच्या घरातल्या बायका मिश्री लावत नसाव्यात. "म्हणजे तंबाखूच ना?" त्यांनी विचारलं. बाई 'हो' म्हणाल्या. "मुलांना मी दोन महिने नियम शिकवतोय. परवा एका मुलाला विडीसाठी घरी पाठवलं. आणि इथे मुलींच्या चुलीवर...? त्या मुलीला घरी पाठवा. नियम सगळ्यांना सारखा."

श्रीगोंदेवाली माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा हात धरला. घरी जाणं म्हणजे काय ते तिला कळत होतं. घरी कुणी नव्हतंच, आईबाप खडीवर होते. गेली असती तर तीही खडीवर गेली असती आणि परत आली नसती.

"सर, मला उद्यापर्यंत वेळ द्या," बाई म्हणाल्या. "तिला काढायचं ठरलं तर आधी मला काढावं लागेल. का, ते मी उद्या सांगते."

प्राचार्य विहिरीकडे निघून गेले.

संध्याकाळी बाईंनी आम्हा सगळ्यांना पडवीत बसवलं. आज बोलणी बसणार, असं वाटत होतं. बाई उभ्याच होत्या. त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी मिश्री कोण कोण लावतं? खरं सांगा. मी कुणाला घरी पाठवणार नाही."

कुणी मान वर करेना. मग श्रीगोंदेवालीने हात वर केला. तिच्या मागून मी. मग एकेक हात वर येत गेला, आणि शेवटी नगर शहरातल्या दोघी आणि पारनेरची एक, अशा तिघीच खाली हात ठेवून बसल्या होत्या. आम्ही बाईंकडे बघितलं. बाईंनी स्वतःचाही हात वर केला होता.

"नवव्या वर्षापासून," त्या म्हणाल्या. "सासरी गेले तेव्हा सासूने लावली. ते घर सुटलं, ही राहिली. सकाळी तुम्हाला दार बंद दिसतं ते त्याच्यासाठी. पाटीवर मिश्रीचं नाव नाही, म्हणून मी गप्प होते. पाटीवर नाव नाही ते लिहिणाऱ्या पुरुषांना ठाऊक नाही म्हणून. पण आपल्याला तर ठाऊक आहे की ती तंबाखू आहे."

मग त्या खाली, आमच्यात बसल्या. "सोडायची का?" त्यांनी विचारलं. हुकूम नव्हता तो. सोबत मागत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या प्राचार्यांना काय म्हणाल्या ते आम्हाला कळलं नाही. श्रीगोंदेवालीला कुणी घरी पाठवलं नाही एवढं खरं.

सोडणं सोपं नव्हतं. पहिल्या आठवड्यात आमचं वसतिगृह म्हणजे आजाऱ्यांचं घर झालं होतं. कुणाचं डोकं उठलेलं, कुणाला शौचाला होईना, कुणी क्षुल्लक कारणावरून रडतेय. दोघींची बादलीवरून मारामारी झाली. वर भूक होतीच, आणि ती मारायला आता काही नव्हतं. बाई सकाळी दार उघडं ठेवून बाहेर येत, कडुलिंबाची काडी घेऊन आमच्याबरोबर पडवीच्या कडेला उकिडव्या बसत. काडी चावता चावता मधेच उठून येरझाऱ्या घालत. आम्हाला त्यांची नजर आता टोचत नसे, कारण त्यांनाही तितकंच अवघड जात होतं हे आमच्यासमोर होतं. मेससाठी त्यांनी कुणाकुणाला भेटून सुकडीची, म्हणजे दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या पौष्टिक पिठाची, पोती मिळवली. दुपारी मूठमूठ सुकडी मिळायला लागली तेव्हा सोडणं थोडं जमलं. भूक आधी, मिश्री मागाहून, हे त्यांना कळलं होतं.

श्रीगोंदेवालीचं मात्र दोनदा मोडलं. दुसऱ्यांदा मोडलं त्याच सुमाराला तिची आई लेकीला भेटायला आली. खडीच्या कामाचा एक खाडा करून, एस.टी.ने. हाताची बोटं चिंध्यांनी बांधलेली. कमरेच्या पिशवीतून तिने लेकीसाठी मिश्रीची पुडी काढली आणि बाईंनी ती बघितली.

"ती देऊ नका तिला," बाई म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी सोडलीय."

"का वं?" म्हातारी नव्हती ती, पण म्हातारीसारखी बसली खाली. "काय वंगाळ हाय का त्यात? दात घट ऱ्हात्यात."

"तोंडाचा रोग होतो. कॅन्सर."

"बाई, तुमी शिकल्या-सवरल्याली मानसं. तुमचं खरं आसंल. पर खडीवर दिस काढायचा तर पोटात न्हाई काय, तोंडात तरी आसू द्या. आमी बाया सगळ्या त्याच्यावरच हाओत."

 बाईंनी तिला आत नेलं, आपल्या ताटातली भाकरी वाढली आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या. जेवण झाल्यावर त्या आईने आपणहून लेकीचं तोंड उजेडाकडे वळवलं. "हिच्या गालात आतनं पांढरं झालंय. मागल्या साली मला दिसलं हुतं. त्ये त्याच्यानंच का?"

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. श्रीगोंदेवालीने लपवलं होतं.

बाई दुसऱ्याच दिवशी तिला सिव्हिल हॉस्पिटलला घेऊन गेल्या. सोबत म्हणून मीही गेले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बॅटरी मारून तिचा गाल पाहिला, बोटाने चाचपला. "हे आत्ता काही नाही," ते म्हणाले. "पण लावत राहिलीस तर होईल. आज सोडलीस तर डाग आपोआप जाईल. कळलं?" श्रीगोंदेवालीने मान डोलावली आणि रडायला लागली. मग डॉक्टरांनी सहज बाईंकडे वळून विचारलं, "तुम्हीही लावत होता का? बघू."

बाई हसल्या आणि तोंड उघडून बसल्या.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. खालच्या हिरडीपाशी, मागे, बॅटरी थांबली. त्यांनी दुसऱ्या एका मोठ्या डॉक्टरांना बोलावून आणलं. दोघे इंग्रजीत हळू बोलले. आम्हाला दोघींना त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. बाहेर बाकावर बसल्यावर श्रीगोंदेवाली म्हणाली, "मला दावायला आल्या, आन्‌..."

बाई बाहेर आल्या तेव्हा अगदी शांत होत्या. टांग्यात बसल्यावर म्हणाल्या, "तिथे एक जखम आहे. मला वाटायचं दाताची आहे. वर्ष झालं असेल." आणि थोड्या वेळाने, "मुलींना आत्ता सांगू नका. परीक्षा आहेत."

दिवाळीनंतर त्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेल्या. प्राचार्यांनी स्वतः त्यांना गाडीत बसवून दिलं. आम्ही सगळ्या स्टेशनवर गेलो होतो. गाडी हलली तरी प्राचार्य टोपी हातात घेऊन फलाटावर उभे होते. रसायनशास्त्राच्या सरांनंतर त्यांना हे दुसऱ्यांदा बघायचं होतं.

त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले होते. आईला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे ऐकत बसली. "तू सोडलीस ना? बरं केलं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी दारात उकिडवी बसून मिश्री लावत होती. तिने शेवटपर्यंत सोडली नाही, आणि तिला काही झालंही नाही, म्हातारपणाने गेली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडच्या बायका मला हेच दाखला म्हणून ऐकवतात.

फेब्रुवारीत बाई परत आल्या. त्यांच्या जबड्याचा एका बाजूचा भाग काढला होता. गाल आत गेलेला, ओठ एका बाजूला ओढलेला. पदर त्या बाजूवर घेऊन त्या चालत. प्राचार्यांनी त्यांना वर्षभराची रजा घ्या म्हणून विनवलं. बाईंनी ऐकलं नाही. वर्गात त्या हळूहळू बोलायच्या. पुढच्या बाकावरच्यांना थोडं कळायचं, मागच्यांना नाही. पहिल्या दिवशी मागून कुणीतरी हसलं. बाई थांबल्या, त्या मुलाकडे बघितलं आणि पुन्हा तिथूनच सुरू केलं. पुढे कुणी हसलं नाही, पण मुलं वर्गाला कमी यायला लागली. हेही खरं आहे.

मार्चमध्ये वार्षिक सभा होती. बाईंनी प्राचार्यांकडे बोलायची परवानगी मागितली. प्राचार्य म्हणाले, "बाई, तुम्हाला त्रास होईल." बाईंनी श्रीगोंदेवालीकडे बोट दाखवलं.

त्या दोघी व्यासपीठावर उभ्या राहिल्या. बाई एक वाक्य बोलत, श्रीगोंदेवाली ते मोठ्याने पुन्हा सांगे. सभागृहात मुलं खिडक्यांपर्यंत उभी होती.

"रसायनशास्त्राचे सर गेले तेव्हा मी त्यांच्या घरी भेटायला गेले होते," श्रीगोंदेवाली म्हणाली. तो बाईंचा 'मी' तिच्या आवाजात ऐकताना अंगावर काटा आला. "तिथून परत आले आणि मिश्री लावली. कारण सर जी खायचे ती तंबाखू, आणि मी लावते ती मिश्री, असं मला वाटत होतं. मी इतिहास शिकवते. मी शिकलेली आहे. तरी मला असं वाटत होतं."

बाईंनी श्वास घेतला. पुढचं वाक्य लांब होतं आणि त्यांचं त्यांनाच नीट जमेना. श्रीगोंदेवालीने त्यांच्या तोंडाजवळ कान नेला, दोनदा विचारलं, मग वळून म्हणाली, "तुमच्या घरी आई लावते. आजी लावते. बहीण लावते. तुम्ही त्यांना कधी विचारलेलं नाही. आज घरी गेलात की विचारा, तोंडात कुठे दुखतं का."

एवढंच भाषण होतं. टाळ्या झाल्या नाहीत. अर्थशास्त्राचे सर उठून बाहेर गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. प्राचार्य अध्यक्षीय भाषण करणार होते, त्यांनी ते केलं नाही, सभा संपली म्हणून सांगितलं. मुलं नेहमीसारखा गोंधळ न करता बाहेर पडली. त्यातली किती जणं घरी जाऊन काही बोलली, मला माहीत नाही.

त्या उन्हाळ्यात बाईंचा आजार उलटला. नोकरी सोडून त्या राहुरीकडे भावाच्या घरी गेल्या. पुढच्या वर्षी, आम्ही टी.वाय.ला असताना, श्रीगोंदेवाली आणि मी त्यांना भेटायला गेलो. पाऊस पडून गेला होता, वाटेतल्या रानांत बाजरी उभी होती. बाई ओसरीत खाटेवर होत्या. ओळखू येत नव्हत्या. आमचे मार्क विचारले, बोटांनीच. श्रीगोंदेवालीने आ करून आपला गाल त्यांना दाखवला. डाग गेला होता. बाईंनी तिची हनुवटी धरून बराच वेळ पाहिलं, जशी कुणी आई पाहील.

त्यांचं सगळं त्यांची भावजय करत होती. अन्न पातळ करून चमच्याने भरवणं, जखम धुणं, लुगडी धुणं. खूप मायेने करत होती. दुपारी काम उरकून ती अंगणात बसली आणि कनवटीची डबी काढून मिश्री लावायला लागली. श्रीगोंदेवाली एकदम उठली. "वयनी, आवो..." बाईंनी तिचा हात धरून खाली बसवलं. त्यांना काही सांगायचं होतं. आम्ही दोघी वाकलो. तुटक तुटक शब्द येत होते, ते जुळवायला वेळ लागला.

"ती नाही सोडणार," बाई म्हणत होत्या. "मी सांगून पाहिलं." मग त्यांनी भावजयीच्या मांडीशी खेळणाऱ्या लहान भाचीकडे बघितलं. "हिची दाढ दुखत होती मागच्या महिन्यात. रात्रभर रडली. पण तिने हिला नाही लावली. माझ्याकडे बघितलं, आणि नाही लावली."

आम्ही परत निघालो तेव्हा ती मुलगी आम्हाला एस.टी.च्या थांब्यापर्यंत पोचवायला आली. बाई महिनाभराने गेल्या.